हुकमासोबत वसतिगृह

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला 26 जुलै 1902 ही तारीख शाळेतच पाठ झालेली असते. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, एवढं लिहिलं की मार्क मिळतात. तो जाहीरनामा मी ओळ न ओळ वाचला तो धातू ओतणाऱ्या फौंड्रीत नोकरीला लागल्यानंतर बऱ्याच काळाने. सामाजिक न्यायाचा दस्तऐवज म्हणून त्याची थोरवी आहेच, त्यात मी काय भर घालणार? पण चालती संस्था बंद न पाडता तिचं रूप आतून कसं पालटायचं, या प्रश्नाशी रोज झगडणाऱ्या माणसाला त्या छोट्याशा हुकमात जे सापडतं, ते मला मॅनेजमेंटच्या कुठल्याही वर्गात कोणी दाखवलं नव्हतं.

हुकूम सांगतो की या तारखेपासून ज्या जागा रिकाम्या होतील त्यांतल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. म्हणजे खुर्चीवर बसलेल्या कोणालाही उठवलेलं नाही. ज्या कचेरीत हे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक या वर्गांतल्याच माणसाची करायची. आणि शेवटी एक कोरडी वाटावी अशी ओळ आहे: प्रत्येक खातेप्रमुखाने झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करायचा. महाराज त्या वेळी विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेलेले. हुकूम काढणारा माणूस समोर नसतानाही हुकूम चालू राहावा, याची तजवीज त्या कोरड्या ओळीत आहे.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती हुकमाच्या आधीची गोष्ट. 1901 साली, म्हणजे जाहीरनाम्याच्या वर्षभर आधी, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. 1906 साली मुस्लिम बोर्डिंग आलं, 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका समाजासाठी अशी वसतिगृहं उभी राहत गेली. दसरा चौकातून जाताना आजही त्या काळाच्या खुणा दिसतात. राखीव जागा हुकमाने तयार होते, पण तिच्यावर बसणारा मुलगा भुदरगडच्या किंवा शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवर असतो. त्याने शिकायला शहरात यायचं तर राहायचं कुठे आणि जेवायचं काय? महाराजांनी हा प्रश्न हुकमाच्या बरोबरीने सोडवायला घेतला. 1894 साली ते गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. 1912 साली 95 पैकी 35. मधे अठरा वर्षं गेली. राजाची सत्ता हातात असून अठरा वर्षं. आपल्याकडे नवीन यंत्रणा बसवली की दुसऱ्या तिमाहीत फळ मागतात.

हुकूम काढणं सोपं असतं असं मी म्हणणार नाही. महाराजांना त्यापायी काय सोसावं लागलं ते इतिहासात नोंदलेलं आहे. पण कारखान्यात, बँकेत, दूध संस्थेत मी जे बदल फसताना पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत हुकूम चांगला होता. वसतिगृह कुठेच नव्हतं.

आता माझ्या कामाबद्दल. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, कोल्हापूरच्या या औद्योगिक पट्ट्यात ओतकाम हा कणा आहे. ऑइल इंजिनं आणि पंप बनवणाऱ्या वर्कशॉपपासून हे शहर गाड्यांच्या कंपन्यांना कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पुरवण्यापर्यंत आलं. कोकवर चालणाऱ्या कपोला भट्ट्या जाऊन विजेच्या इंडक्शन फर्नेस आल्या, हाताचं मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे बनवणं, जाऊन आर्पा मशीन आली, मग हाय प्रेशर लाइन आली. दर वेळी कोणाचं तरी जन्मभर कमावलेलं कसब एका रात्रीत कमी महत्त्वाचं झालं.

मी ट्रेनिंगचं काम पाहायची त्या एका फौंड्रीत मोल्डिंगला एक मामा होते. मुलरमधून, म्हणजे वाळू कालवणाऱ्या यंत्रातून, वाळू बाहेर आली की ते मूठभर उचलत, घट्ट दाबत आणि मूठ उघडत. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटायला हवेत. मग दोन्ही अंगठे लावून गोळा मधोमध मोडत. मोडलेली कड धारदार राहिली की वाळू बरोबर. तळव्याला चिकटली तर पाणी जास्त, म्हणजे कास्टिंगमध्ये ब्लोहोल, वायूची पोकळी, येणार. कड भुरभुरली तर पाणी कमी, म्हणजे साचा झडून वाळू धातूत जाणार. मामांनी मान हलवून "चालू द्या" म्हटल्याशिवाय शिफ्टची साच्याची पहिली पेटी भरली जात नसे. हे कुठल्या सर्क्युलरमध्ये लिहिलेलं नव्हतं. तो त्यांचा मान होता.

नवी लाइन आली तशी सँड लॅब आली. ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दाबली जाते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद), सगळं आकड्यात. लाइनचा वेगच असा की मुठीने तपासायला उसंत मिळत नाही, शिवाय ग्राहकाच्या ऑडिटला मूठ चालत नाही. कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावून हे नीट समजावलं गेलं. रिजेक्शन किती, स्पर्धा कशी, ऑर्डर टिकवायच्या तर काय करावं लागेल. एकही शब्द खोटा नव्हता. कोणाचा पगार कमी झाला नाही, कोणाला घरी पाठवलं नाही. मामांनीही ऐकून घेतलं. त्यानंतर "चालू द्या" म्हणायचं काम डिप्लोमा होऊन आलेल्या एका मुलाकडे गेलं, तो स्क्रीनकडे बघून सांगू लागला.

त्या उन्हाळ्यात दुपारच्या शिफ्टला साचे झडायला लागले. लॅबचे आकडे बरोबर, कास्टिंग खराब. दोन-तीन दिवस सगळे डोकं लावत होते. मी मामांना विचारलं तर म्हणाले, "मला कोण इचारतंय ताई? मशीन हाय की." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं. त्यांना दिसत होतं काय चुकतंय, आणि ते बोलायचं कारण त्यांच्याजवळ उरलं नव्हतं.

प्लँट हेड स्वतः खाली आले. माणूस मितभाषी. त्यांनी मामांना लॅबमध्ये नेलं, त्या मुलाच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाले, मामा, तुमचा हात काय सांगतोय? मामांनी मूठ दाबली, मोडली, मग गोळा नुसता तळव्यावर धरून ठेवला. "वाळू गरम हाय. हितं बरोबर दिसंल, साच्यापर्यंत जाईस्तोवर सुकंल." तेच होतं. ओतून परत आलेली वाळू पुरेशी थंड न होताच पुन्हा मुलरमध्ये जात होती. मुलरपाशी ओलावा ठीक भरायचा आणि मशीनपाशी पोचेपर्यंत उडून जायचा. नमुना कुठून घ्यायचा हा प्रश्न लॅबला पडलाच नव्हता. त्या दिवसापासून मोल्डिंग मशीनजवळचाही नमुना तपासायला सुरुवात झाली, वाळूचं तापमान लिहायला सुरुवात झाली, आणि लॅबच्या शीटवर एक नवा रकाना आला: आकडा यायच्या आधी मामांचा अंदाज. पुढे तो डिप्लोमावाला मुलगा स्वतः मूठ दाबायला शिकला, आणि मामा कॉम्पॅक्टिबिलिटीचा आकडा आधी ओळखून मग मशीनकडे बघू लागले.

मला विचाराल तर नेतृत्व म्हणून जे काही असतं ते त्या रकान्यात होतं. बदल आणताना काय मिळणार याची यादी प्रत्येक जण करतो. कोणाचं काय जाणार याची यादी करणारे फार थोडे. आणि जातं ते बहुतेक वेळा पैशात मोजता येत नाही. कोणाचा मान जातो, कोणाची शिफ्टमधली जोडी तुटते, कोणाला पन्नाशीत पुन्हा शिकाऊ व्हावं लागतं. मग आपण म्हणतो कामगारांचा विरोध आहे. नव्या गोष्टीला विरोध करणारा माणूस मी क्वचित पाहिला. हेच मामा घरी नातवाला सांगून फोनवर कुस्त्या लावून घ्यायचे.

याबाबतीतला एक जुना प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की बायका नाराज व्हायच्या, उत्पादन पडायचं, नोकऱ्या सुटायच्या. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथे वेगवेगळ्या गटांत बदल वेगवेगळ्या रीतीने आणून पाहिला आणि 1948 साली निष्कर्ष छापले. एका गटाला सभा घेऊन कारणं सांगितली, नवा दर समजावला, प्रश्नांना उत्तरं दिली. थोडक्यात, आमच्या कँटीनमधल्यासारखं. त्यांचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के जणींनी नोकरी सोडली. दुसऱ्या गटाने प्रतिनिधी निवडून बदलाची आखणी केली, तो सावरला. जिथे सगळ्याच जणींनी मिळून नवी पद्धत बसवली तिथे उत्पादन थोडं घसरून पटकन सावरलं आणि आधीपेक्षा सुमारे 14 टक्के वर गेलं. एकीनेही काम सोडलं नाही.

हा निकाल अनेकांना ठाऊक असतो. त्याचं शेपूट मात्र फारसं कोणी सांगत नाही. पहिल्या, फसलेल्या गटातल्या उरलेल्या 13 जणींना सुमारे अडीच महिन्यांनी दुसऱ्या कामावर घेतलं, आणि या वेळी सर्वांना आखणीत सामील करून. त्याच बायका झपाट्याने सावरल्या आणि पुढे गेल्या. खोट त्यांच्यात नव्हती, बदल आणण्याच्या रीतीत होती. "आमच्याकडची माणसंच तशी" असं ज्या ज्या मीटिंगमध्ये ऐकते, तिथे मला त्या 13 जणी आठवतात.

सामील करून घेणं म्हणजे मत विचारल्यासारखं करणं नव्हे. ठरवून झाल्यावर भरवलेली चर्चासत्रं कामगार एका मिनिटात ओळखतो. काहीतरी खरोखर त्याच्या हातात सोडावं लागतं: क्रम कसा असावा, पॅटर्न बदलायला कोण कोण लागेल, लेआउटमध्ये पाण्याची टाकी कुठे हवी. मोठं धोरण मालकाचंच राहणार, हे त्यालाही मान्य असतं.

हार्वर्डचे प्राध्यापक जॉन कोटर यांनी 1995 साली बदलाच्या आठ पायऱ्या मांडल्या, त्यात पहिली पायरी तातडीची जाणीव निर्माण करण्याची. ती चूक आहे असं नाही. पण आपल्याकडे ती उतरते ती भीती होऊन. "ऑर्डर गेली तर गेट बंद होईल" हे वाक्य वर्षातून दोनदा ऐकवलं की माणूस चुका लपवायला शिकतो, आणि बदलाच्या काळात लपवलेली चूक सगळ्यात महाग पडते. गुणवत्तेचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांच्या चौदा सूत्रांत भीती घालवा हे आठवं सूत्र आहे. मी ते पहिलं मानते.

तातडी खरी असली तर माणसं काय करू शकतात हे आपण ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाहिलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, शहर तुटलं आणि एरवी खुर्ची न सोडणारे लोक होड्या, गाड्या, जेवणाच्या पंगती उभ्या करू लागले. पाणी ओसरल्यावर मात्र बहुतेक ठिकाणी जुना दिनक्रम जसाच्या तसा परत आला. संकटाने शिकवलेलं टिकत नाही, ते कोणीतरी बसून रोजच्या कामात ओवावं लागतं.

या सगळ्यात सर्वांत जास्त भरडला जातो तो सुपरवायझर. वरून तारीख येते, खालून तक्रार येते आणि दोन्ही त्यालाच झेलायच्या. बदल घोषित होतो तेव्हा त्याला बहुधा कामगारांच्या दहा मिनिटं आधी कळतं, आणि लगेच प्रश्नांची उत्तरं त्यानेच द्यायची असतात. आमच्या धंद्यात साच्याला व्हेंट ठेवतात. तप्त धातू आत गेला की वायू होणारच, त्याला वाट नसेल तर तो कास्टिंगच्या पोटात अडकतो आणि बाहेरून काही दिसतही नाही, मशीनिंगला गेल्यावर भोक उघडं पडतं. सुपरवायझरांना अशी वाट लागते. एका युनिटमध्ये आम्ही शिफ्ट संपताना सुपरवायझरांची छोटी बैठक सुरू केली, वरच्या साहेबांनी तिथे फक्त ऐकायचं, उत्तर दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला सगळे गप्प. मग एक जण बोलला की बिहारहून आलेल्या पोरांना स्क्रीनवरचं इंग्रजी कळत नाही आणि मराठी सूचनाही कळत नाहीत, म्हणून ते अंदाजाने बटण दाबतात. ही गोष्ट महिनोन्‌महिने आकड्यांत अडकून पडली होती. हिंदी सूचना चिकटवायला एक दुपार लागली.

फौंड्रीच्या बाहेरचं एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण बदल हाताळणारा इतका कुशल माणूस मी कॉर्पोरेट ऑफिसात पाहिलेला नाही. आमच्या कागल तालुक्यातल्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या संस्थांवरच दुधाचं सगळं अर्थकारण उभं आहे. 'गोकुळ' संघ 1963 सालचा, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ डेअरीवर रांग लागते आणि दहा दिवसांच्या बिलावर घर चालतं. पूर्वी दुधातलं फॅट काढायचं म्हणजे बुटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत सल्फ्युरिक ॲसिड, अमाइल अल्कोहोल, दूध घालायचं, मग सेंट्रिफ्यूज फिरवायचं आणि नळीवरची रेघ वाचायची. ती रेघ म्हातारीलाही दिसायची. नवीन मशीन आलं तेव्हा नुसता आकडा दिसायला लागला आणि पहिल्याच संध्याकाळी कुजबुज सुरू झाली, मशीन फॅट कमी दाखवतंय.

सचिवांनी भाषण केलं नाही. त्यांनी अख्ख्या एका बिलाचा काळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. ज्याला शंका त्याचं दूध जुन्या नळीत आणि नव्या मशीनवर, सगळ्यांसमोर. दोन्ही आकडे फळ्यावर. फरक पडला तर का पडला तेही तिथेच बोलायचं: दूध नीट ढवळलं नव्हतं, म्हैस आणि गाय एकत्र झालं होतं. संचालकांपैकी काहींनी दुप्पट खर्चाची कुरकुर केली, ॲसिड फुकट येत नाही हे खरंच आहे. सचिव बधले नाहीत. पुढच्या बिलापासून रांगेतल्या बायकाच नव्या माणसाला सांगू लागल्या की स्लिप घे, वाच, आणि पटलं नाही तर बोल. बँकांची सॉफ्टवेअर बदलताना जुनं आणि नवं काही काळ समांतर चालवतात ते हिशेब जुळावेत म्हणून. सचिवांनी ते माणसांचा विश्वास जुळावा म्हणून केलं.

आणि नेत्याने स्वतः काय करायचं? इथे मला पुन्हा महाराजांकडे जावं लागतं. पाणवठ्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी धंदा काढायला मदत केली. कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, तिथे थांबवत, स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी हुकूमही काढले, पण भर रस्त्यावर राजाने ओठाला लावलेल्या कपाने जे सांगितलं ते कागदावर मावलं नसतं. मी ईआरपी, म्हणजे कंपनीच्या सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवताना पाहिलेली कितीतरी ऑफिसं डोळ्यांसमोर येतात, जिथे सगळ्यांनी सिस्टिममध्ये नोंदी करायच्या आणि मोठ्या साहेबांना मात्र रोजचे आकडे फोनवर सांगायचे. साहेब फोन करतात तोवर खालचा क्लार्क जुनी वही ठेवणारच. त्याला दोष का द्यायचा? ज्या दिवशी साहेब म्हणतात, सिस्टिममध्ये नसेल तर माझ्यासाठी ते झालंच नाही, आणि स्वतः लॉगिन करून बघतात, त्या दिवशी वही बंद होते.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं कारण कोल्हापूरच्या ओतकामापुढे मोठा बदल उभा आहे. विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, हब यांचं काम राहील, ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांच्याकडे वळता येईल, काही जण ॲल्युमिनियमकडे वळतील. इंजिनाच्या भागांवर उभ्या असलेल्या युनिटांना पुढच्या काळात आपलं अर्धं काम बदलावं लागू शकतं. मालक मंडळी हुशार आहेत, जग फिरलेली आहेत. त्यांच्याशी बोलताना चर्चा लगेच मशीनवर येते: कुठली घ्यायची, कर्ज किती, सबसिडी मिळेल का.

मी त्यांच्याजवळ एकच आग्रह धरते. नव्या मशीनची ऑर्डर द्याल त्याच आठवड्यात शॉप फ्लोअरवरच्या माणसांची नावं घेऊन बसा. या बदलात कोणाचं कसब निकामी होईल, कोणाचं अर्धं उपयोगी पडेल, कोण शिकवू शकेल, कोणाला आयटीआयच्या संध्याकाळच्या वर्गाला पाठवायचं आणि तेवढे तास त्याच्या शिफ्टमधून कसे काढायचे. मशीन बनून, जहाजातून येऊन, फाउंडेशनवर बसेपर्यंत बरेच महिने जातात. सध्या ते सगळे महिने सिव्हिल काम आणि बँकेच्या कागदांत जातात. गेल्या महिन्यात गोकुळ शिरगावच्या एका मालकांनी ही यादी करायला घेतली. तिसऱ्या नावापाशी ते थांबले आणि त्यांनी त्या माणसालाच केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली.